चौदावा डबा

१

मंगळवारी सकाळी डबेकाकांनी डबे मोजले, ते तेरा भरले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. तेराच. तिसऱ्यांदा प्रत्येक डब्याला बोट लावत, मोठ्याने आकडे म्हणत मोजले आणि मग थंड खोलीच्या दाराशी ठेवलेल्या स्टुलावर ते मटकन बसले.

चित्रपट संग्रहालयातली फिल्मची रिळं या माणसाने एकोणतीस वर्षं सांभाळली होती. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच, बाकी सगळ्यांसाठी डबेकाका. निवृत्तीला उरले होते चार महिने. इतक्या वर्षांत टाचणी इकडची तिकडे झाली नाही, आणि हरवायचं ते नेमकं काय हरवावं? साहेबांच्या गच्चीच्या सिनेमाचा चौदावा डबा. म्हणजे शेवटचा!

साहेब म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. बावीस रहस्यपट काढलेले दिग्दर्शक. वर्तमानपत्रवाले त्यांना भीतीचा बादशहा म्हणायचे. वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी म्हणावंच लागतं. पण माणसाच्या हातात जादू होती हे खरं. त्यांचा सिनेमा पाहून आलेले लोक स्वतःच्याच घराचा जिना खाकरत खाकरत चढायचे. साहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि यंदा त्यांची जन्मशताब्दी होती. सगळ्यांत गाजलेला त्यांचा सिनेमा म्हणजे गच्चीचा. त्यात नायिका चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडते आणि तरी वाचते, म्हणून सगळे त्याला गच्चीचाच म्हणत.

तो प्रदर्शित होण्याआधी निर्मात्याने शेवट बदलायला लावला होता. मूळ शेवटाची एकुलती एक प्रत शेहेचाळीस वर्षं साहेबांच्या घरातल्या कपाटात पडून होती. ती त्यांच्या मुलीने गेल्या मंगळवारी संग्रहालयाला दिली. गुरुवारी संध्याकाळी सहाला प्रयोग, आठशे खुर्च्या, आणि गावभर फलक लागलेले: ‘कुणीही न पाहिलेला शेवट’. आता तो खरोखरच कुणी पाहणार नव्हतं.

संचालकांनी दोन कामं केली. डबेकाकांकडून किल्ली काढून घेतली आणि चौकशीबाईंना फोन लावला.

“गुरुवारी सहापर्यंत डबा सापडला नाही, तर चोरी म्हाताऱ्याच्या नावावर,” ते म्हणाले. “पेन्शनवर पाणी सोडायचं त्याने.”

२

चौकशीबाई म्हणजे खात्याच्या चौकशी अधिकारी. वय सत्तावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. एकतीस वर्षं लोकांचं खोटं ऐकण्यात गेलेली. लोक खोटं बोलतात याचा त्यांना राग येत नसे. ते फार लांबण लावून बोलतात, याचा कंटाळा येई.

डबेकाका बोळातल्या बाकावर बसले होते, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

“घरी नाही गेलात?”

“घरी सांगितलंच नाहीये अजून,” काका म्हणाले. “ती विचारेल, आज लवकर कसे? काय सांगू?”

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. बसताना गुडघा वाजला, तो दोघांनीही ऐकला.

काकांनी सांगितलं ते असं. रविवारी डबे चौदा होते. सोमवारी तीन माणसं खोलीत येऊन गेली. साहेबांची मुलगी फोटो काढायला आली. साहेबांचे जुने सहायक पुस्तकासाठी पाहणी करायला आले. आणि कातरमावशी आल्या. त्या साहेबांच्या संकलक, तीस वर्षं त्यांच्या फिल्मा कापून जोडलेल्या. या प्रतीची तपासणी आणि डागडुजी करायचं पत्र संग्रहालयानेच त्यांना दिलं होतं. पण घराच्या उष्म्यातून आलेली फिल्म थंड खोलीत आठ दिवस मुरू द्यावी लागते, नाहीतर तिला ओल धरते. त्यामुळे एकही डबा अजून उघडलेला नव्हता.

“तुम्ही प्रत्येकाबरोबर आत होतात?”

“होतो. पण ताईंना पाणी आणायला गेलो. सहायक साहेबांना कागद हवे होते, ते आणायला गेलो. मावशींना उभं राहवत नाही, त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणली. नंतर जिनाही उतरवून दिला, पिशवी घेऊन.” काकांनी मान खाली घातली. “माणसाला पाणीसुद्धा विचारायचं नाही का हो बाई?”

“डबा केवढा असतो?”

काकांनी दोन्ही हातांनी जेवणाच्या ताटाएवढा आकार दाखवला. “वजन लिहून ठेवलंय मी. आल्या दिवशीच सगळे डबे तोलतो, सवय आहे.” त्यांनी वही पुढे केली. बाईंनी ती पिशवीत टाकली, पाहिली मात्र नाही. पहिली चूक त्यांची ती.

३

साहेबांच्या मुलीच्या दिवाणखान्यात भिंतभर साहेब होते. चित्रीकरण करताना, बक्षीस घेताना, नुसतेच बसलेले. प्रत्येक फोटोत उजव्या मनगटावर रुंद पांढऱ्या पट्ट्याचं घड्याळ. तेच घड्याळ आता मुलीच्या मनगटावर होतं.

“मी कशाला चोरू? शेहेचाळीस वर्षं ती प्रत माझ्याच घरात होती,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिला रडू आलं. “बाबांचा शेवट गेला हो! आता गुरुवारी लोकांना काय दाखवायचं?”

बाईंनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने ती वडिलांच्या गोष्टी सांगू लागली. गच्चीच्या सिनेमातली ती प्रसिद्ध किंचाळी म्हणे गंजलेल्या बिजागरीचा आवाज होता. आणि त्या दृश्यात नायिकेच्या जागी एक दुसरीच पोरगी होती, ऐनवेळी तिचा पाय घसरला, पाय तीन ठिकाणी मोडला.

“दुसरा असता तर हाकलून मोकळा झाला असता. बाबांनी तिला जन्मभराचं काम दिलं. कोण ती, हे मलासुद्धा सांगितलं नाही कधी. गुरुवारी मी भाषणात हेच सांगणार आहे. लोकांना फक्त धक्के माहीत आहेत, माणूस माहीत नाही.”

साहेबांच्या सहायकाचं घर दोन गल्ल्या सोडून. ‘मी साहेबांचा उजवा हात’ असं हा गृहस्थ इतक्यांदा म्हणायचा की लोक त्याला उजवा हातच म्हणत. आता वय सत्तर. साहेबांवर चार पुस्तकं लिहून झालेली, पाचवं गुरुवारीच प्रकाशित व्हायचं होतं.

“काय हे मॅडम, केवढं नुकसान!” तो म्हणाला, आणि बशीतली दोन बिस्किटं एकदम तोंडात टाकली. “पण घाबरू नका. मूळ शेवट माझ्या पुस्तकात आहे, शब्दन्‌शब्द. नायिका गुन्हा कबूल करते आणि तुरुंगात जाते. आता तेवढाच पुरावा उरला म्हणायचा.”

“तुम्ही स्वतः पाहिला होता?”

“मॅडम, मी उजवा हात होतो!”

हे उत्तर नव्हतं. पण माणूस मजेत होता, अगदी पाय हलवत बसला होता. बाईंनी ते लक्षात ठेवलं.

४

कातरमावशी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. बाहेरच्या खोलीत संकलनाचं जुनं टेबल होतं, त्यावर पांढरे हातमोजे, कात्री, आणि हाताने दांडा फिरवून फिल्म बघायचं छोटं यंत्र. वय अडुसष्ट. काठी खुर्चीला टेकवलेली.

“ये गं, बस. तुझाही गुडघा दिसतोय.”

“तुमचा पाय काय झाला, मावशी?”

“जुनं दुखणं आहे. चहा घेशील?”

चहा चांगला होता. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला लांबण न लावता काही दिलं, असं बाईंना वाटलं. मावशींनी सरळ सांगितलं: हो, सोमवारी गेले होते, डबे बाहेरून पाहिले, गंज बरा होता, परत आले. कुणावर संशय? कुणावर नाही.

“आणि कार्यक्रम रद्द नका करू म्हणावं,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटांचं तर काम. बाजारातल्या प्रतीतून तेवढा तुकडा जोडून देते मी. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.”

बाई थकल्या होत्या. त्यांनी मान डोलावली, चहा संपवला आणि उठल्या.

“सगळी टांगती तलवार डबेकाकांवर आहे,” दारातून त्या सहज म्हणाल्या.

कपबशी उचलणाऱ्या मावशी थांबल्या. “त्याच्यावर का?”

“शेवटचा डबा गेला ना. सगळं संग्रहालय हादरलंय. पेन्शन जाईल त्यांची.”

मावशींनी कपबशी पुन्हा खाली ठेवली. बशी वाजली. “शेवटचा,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाईंनी पाय गरम पाण्यात टाकले आणि समोर बसलेल्या आईला विचारलं, “गच्चीचा सिनेमा पाहिलायस ना तू?”

“तुला घेऊनच पाहिला की! अकराची होतीस तू. ती पोरगी वरून पडली तेव्हा अख्खं थिएटर टाळ्या पिटत होतं. तू तर खुर्चीवर उभी राहिलीस. मी ओढून खाली बसवली तुला.”

बाईंना ते आठवलं. टाळ्या वाजवून तळहात लाल झालेलेसुद्धा आठवलं. मग पिशवीतून नॅपकिन काढताना डबेकाकांची वही हाताला लागली. पाय पाण्यातच ठेवून त्यांनी ती उघडली आणि सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

५

बुधवारी सकाळी डबेकाका त्याच बाकावर होते.

“काका, तेरा डब्यांची वजनं अडीच ते पावणेतीन किलो. सहावा तेवढा दीड किलो. असं का?”

“मलाही नवल वाटलं होतं. हलका डबा शेवटचा असतो, बाई. प्रत्येक रीळ दहा मिनिटांचं भरतात, मग शेवटी उरेल ते उरेल. चार मिनिटं, पाच मिनिटं. शेवटचं रीळ भरलेलं मी क्वचितच पाहिलंय.”

“आणि तुमचा चौदावा डबा?”

“दोन किलो सातशे,” काका म्हणाले. बोलता बोलता तेही थांबले.

दुपारी बारा वाजता, आठ दिवस पूर्ण झाल्यावर, सगळ्यांच्या समोर सहावा डबा उघडला. संचालक होते, साहेबांची मुलगी होती, उजवा हात होता. कातरमावशींनी पाय दुखतो म्हणून निरोप धाडला होता. हातमोजे घातले डबेकाकांनीच. किल्ली काढून घेतली तरी फिल्म कशी धरायची हे दुसऱ्या कुणाला येत होतं? पट्टीच्या तोंडाशी शाईने आकडा होता: चौदा.

“शेवट आहे!” साहेबांची मुलगी ओरडली. “अहो, बाबांचा शेवट आहे!”

काकांनी दिव्याच्या काचेवर पट्टी सरकवली. उजवा हात भिंग घेऊन वाकला. तुरुंग नव्हता. कबुली नव्हती. नायिका सकाळच्या उन्हात सामान घेऊन रस्त्याने चालली होती, मोकळी. उजव्या हाताचा चेहरा असा पडला की मुलीने त्याला खुर्ची दिली. पुस्तकाच्या हजार प्रती छापून झाल्या होत्या.

“तुम्ही कधीच पाहिला नव्हता ना?” बाईंनी हळूच विचारलं.

“संकलनाच्या खोलीत कुणालाच येऊ देत नसत साहेब,” तो पुटपुटला. “एका सिनेमाचं शेवटचं रीळ कुणीतरी पळवून आधीच फोडलं होतं, तेव्हापासून. डब्यांचे आकडे बदलले असतील, ते मला काय ठाऊक?”

म्हणजे हा सुटला, बाईंनी मनात म्हटलं. चौदावा डबा याने नेला असता, तर घरी उघडल्याबरोबर आत सहावं रीळ दिसलं असतं. खरा शेवट अजून संग्रहालयातच आहे, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. मंगळवारी हा बिस्किटं खात पाय हलवत बसला नसता.

संचालक हात चोळत होते. “झालं! प्रयोग होणार. आता फक्त सहावं रीळ नाही ना? कातरमावशींना सांगा, बाजारातल्या प्रतीतून जोडून देतील. मधली दहा मिनिटं कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.”

“आणि काका?”

“चोरी ती चोरीच. उद्या सहापर्यंत.”

पण बाईंचं लक्ष उडालं होतं. हेच वाक्य त्यांनी काल ऐकलं होतं. काल, शेवट गेला म्हणून सगळं जग रडत होतं तेव्हा! बाजारातल्या प्रतीत शेवट वेगळाच होता. तो तुकडा जोडला तर आठशेच्या आठशे लोकांच्या लक्षात आलं असतं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं म्हणायला, गेलेली दहा मिनिटं मधली आहेत हे आधीच माहीत असायला हवं.

६

जिना उतरण्याआधी बाई बाकापाशी थांबल्या.

“काका, सोमवारी मावशींची पिशवी तुम्ही खाली नेलीत. केवढी जड होती?”

काकांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षं डबे उचललेला माणूस. हातात घेतलं की वजन सांगणारा.

“अडीचच्या वर, तीनच्या आत,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्हाला कालच कळलं होतं.”

“शंका आली होती. पण बाई, अडुसष्ट वर्षांची लंगडी बाई, तिच्याकडे बोट दाखवून मी पेन्शन वाचवू? म्हटलं, जीव असेल तिचा त्या फिल्मवर. आणून देईल.”

चौकशीबाईंनी डोक्याला हात लावला. एकतीस वर्षांत चोर पुष्कळ भेटले, पण स्वतःच्या गळ्याला फास लागत असताना मूग गिळून बसणारा रखवालदार हा पहिलाच.

मावशींनी दार उघडं ठेवलं होतं. डबा टेबलावरच होता, झाकण काढलेला. लपवायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते.

“मीच येणार होते उद्या,” त्या म्हणाल्या. “काल तू म्हणालीस शेवटचा डबा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, शेहेचाळीस वर्षांपूर्वी हे डबे मीच भरले. चौदाव्यात सहावं, सहाव्यात चौदावं, साहेबांची पद्धत. माझ्या लेखी चौदावा म्हणजे सहावंच. जग डब्यावरचा आकडा वाचतं हे डोक्यातच आलं नाही माझ्या! म्हटलं, मधलं एक रीळ नाही दिसलं तर जोडून घेतील, बोभाटा होणार नाही. त्या बिचाऱ्याच्या गळ्यात येईल हे ठाऊक असतं तर हातही लावला नसता.”

“काय आहे या रिळात, मावशी?”

“बघ ना तूच. यंत्रावर लावलेलंच आहे. आवाज नाही यायचा.”

बाईंनी दांडा हळूहळू फिरवला. इवल्याशा पडद्यावर गच्ची आली. कठड्याच्या बाहेर, कमरेला दोर बांधलेली एक बावीसेक वर्षांची मुलगी. लहानपणी पाहिलं तेव्हा ती आधीच हवेत होती. इथे ती अजून उभी होती, कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघत होती, आणि मान हलवत होती. नाही. पुन्हा नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून, नाही. मग डावीकडून चित्रात एक हात आला. मनगटावर रुंद पांढऱ्या पट्ट्याचं घड्याळ. हाताने खूण केली: सोडा. दोर सैल पडला.

बाईंनी दांडा सोडला.

“पाय घसरला नव्हता तर,” त्या म्हणाल्या.

“माणूस वाईट नव्हता गं,” मावशी म्हणाल्या. “दवाखान्यात रोज यायचे. फळं आणायचे. आणि रोज एकच विचारायचे, पाय घसरला ना? चाळीस दिवस विचारलं. मग माझंही तेच मत झालं. बसून करायचं काम दिलं, पोट भरलं, त्यात खोटं नाही. पहिलं काम काय दिलं ठाऊक आहे? प्रदर्शनाच्या प्रतीतून हेच चाळीस सेकंद काढायचं. माझी हलणारी मान मीच कापली. या पहिल्या प्रतीत तेवढी राहून गेली.”

“मग आता लपवायचं कशाला? लोकांना कळू दे की!”

“आणि मग टाळ्या वाजू दे?” मावशी पहिल्यांदाच चिडल्या. “दर वेळी वाजतात. मी एकदाच गेले थिएटरात, कुबड्या घेऊन. मी पडले आणि लोक उभे राहिले. परत कधी गेले नाही. आता चाळीस सेकंद जास्त पडायचं, आठशे लोकांपुढे? नको गं बाई.”

चौकशीबाईंना आपले अकरा वर्षांचे लाल तळहात आठवले. “त्यात मीही होते, मावशी,” त्या म्हणाल्या. “खुर्चीवर उभी राहून वाजवल्या होत्या मी.”

मावशींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“कात्री तुमच्यासमोर आहे,” बाई म्हणाल्या. “चाळीस सेकंद काढा, मी खिडकीबाहेर बघते. काकांसाठी मला फक्त रीळ हवं. तपासणीचं पत्र संग्रहालयानेच तुम्हाला दिलंय. रीळ तपासणीसाठी संकलकाकडे होतं, डब्यावरचे आकडे खुद्द दिग्दर्शकाने बदललेले होते, रखवालदाराचा दोष नाही. एवढंच लिहीन. त्यात खोटं एक अक्षर नाही.”

त्या खरोखर उठून खिडकीशी गेल्या. बाहेर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. ती दोनदा निसटली. मागे कात्री उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कात्री खाली ठेवल्याचा.

“माझ्याच्याने होत नाही आता,” मावशी म्हणाल्या. “शेहेचाळीस वर्षं मीच कापत आले. हात थकले गं. घेऊन जा तसंच.”

७

गुरुवारी साडेपाचला डबेकाकांना किल्ली परत मिळाली. संचालक म्हणाले, गैरसमज झाला. काका म्हणाले, हो ना. त्यांनी सहावं रीळ आधी तोललं, वहीत वजन लिहिलं, तपासणीहून परत आल्याची तारीख घातली आणि मग यंत्राच्या खोलीत स्वतः नेऊन दिलं.

सभागृह भरलं होतं. उजवा हात आला नाही. साहेबांची मुलगी छान बोलली. पाय घसरलेल्या पोरीची गोष्ट सांगितली, वडिलांच्या मायेची गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून दुसऱ्या रांगेत चौकशीबाईंच्या शेजारी मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. येणार नव्हत्या. साडेचारला त्यांचा फोन आला होता, रिक्षा घेऊन ये म्हणून.

सिनेमा सुरू झाला. पाच रिळं गेली. लोक दचकत होते, दचकून हसत होते. मग गच्ची आली आणि सभागृहात एक ओळखीची कुजबुज पसरली. आता पडणार, आता पडणार. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर हात वर उचलून तयार ठेवले.

मुलगी कठड्याबाहेर उभी होती. तिने मान हलवली. आवाज होता यावेळी, वाऱ्याचा, आणि तिचा. “नको,” ती म्हणाली. “नको ना साहेब.” कुजबुज थांबली. पुन्हा नको. मग डावीकडून तो हात आला. पहिल्या रांगेत साहेबांच्या मुलीने आपल्या उजव्या मनगटावर दुसरा हात घट्ट दाबून धरला. दोर सैल पडला, आणि ती किंचाळी आली. ती बिजागरी नव्हती हे आठशे लोकांना एकदम कळलं.

म्हाताऱ्याचे हात तसेच हवेत राहिले. मग त्याने ते खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मावशी समोर बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

“नाही वाजवल्या,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “ऐकलंस? कुणीच नाही वाजवल्या.”

बाईंनी मान डोलावली.

सातवं रीळ सुरू झालं तशी मावशींनी काठी सावरली. “चल, हात दे मला. घरी जाऊ.”

“अजून शेवट राहिलाय, मावशी.”

“तो बघू दे लोकांना,” मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

दाराशी डबेकाका उभे होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी मावशींच्या हातातली पिशवी घेतली, सवयीने जरा वर-खाली करून पाहिली.

“रिकामी आहे रे,” मावशी म्हणाल्या.

“कळलं,” काका म्हणाले, आणि तिघं सावकाश उतरू लागले.